एका चुकीनंतर बाकावर बसलेल्या सेंटर बॅकला

पत्र: मी १९ वर्षांचा आहे. एका मोठ्या व्यावसायिक फुटबॉल क्लबच्या युवा संघात खेळतो. सोळाव्या वर्षापर्यंत मधल्या फळीत होतो, मग प्रशिक्षकांनी मला सेंटर बॅक, म्हणजे गोलसमोरचा मधला बचावपटू, केलं. महिन्याभरापूर्वी गोलरक्षकाकडे दिलेला माझा पास आखूड पडला, त्यावर गोल झाला आणि सामना गेला. तेव्हापासून मी बाकावर आहे. माझा एजंट म्हणतो, पुन्हा मधल्या फळीत जा, बचावपटूला कोण विचारतं? हंगाम संपताना माझ्यापुढे दोन प्रस्ताव आहेत. एक याच क्लबच्या राखीव संघात ३ वर्षांचा. दुसरा दुसऱ्या श्रेणीतल्या एका लहान क्लबचा, १ वर्षाचा, आणि पुढे वाढवायचा की नाही हे तो क्लब ठरवणार. गेल्या आठवड्यात सरावात हेडर घेताना, म्हणजे चेंडू डोक्याने मारताना, दुसऱ्याच्या डोक्यावर डोकं आपटलं. दोन दिवस ठणकत होतं, पण जागा परत मिळवायची असताना फिजिओला कुठे सांगत बसू, म्हणून गप्प राहिलो. मी काय करावं?

उत्तर:

मित्रा,

जागेबद्दल आणि करारांबद्दल सविस्तर बोलूच. पण डोक्याला लागल्याचं तू अगदी शेवटी, जाता जाता लिहिलं आहेस, आणि मला सगळ्यांत जास्त काळजी त्याचीच वाटली. बाकीचं आठवडाभर थांबलं तरी काही बिघडत नाही. हे थांबण्यासारखं नाही. उत्तर वाचून झालं की क्लबच्या डॉक्टरांना किंवा फिजिओला गाठ आणि काहीही हातचं न राखता सांग: कधी लागलं, कुठे लागलं, किती वेळ ठणकत होतं, मळमळलं का, उजेडाचा त्रास झाला का, झोप कशी लागते आहे, नेहमीपेक्षा चिडचिड होते आहे का. त्यांनी तपासून परवानगी देईपर्यंत सरावाला उतरू नकोस.

शुद्ध हरपली नाही म्हणजे मेंदूला काही झालं नाही, असा समज खेळाडूंमध्ये पक्का बसलेला असतो. तो चुकीचा आहे. मेंदूला धक्का बसलेल्या बहुतेकांची शुद्ध जातच नाही. ते उठतात, मान हलवतात आणि खेळू लागतात. पहिला मार पूर्ण बरा व्हायच्या आत दुसरा बसला, तर तुझ्या वयाच्या खेळाडूंमध्ये मेंदूला झपाट्याने सूज येण्याचा धोका असतो. असं क्वचित घडतं, पण घडतं तेव्हा जिवावर बेततं. परतण्याची रीत ठरलेली आहे. एक-दोन दिवस आराम, मग चालणं किंवा हलकी सायकल, मग एकट्याने धावणं आणि चेंडूचा सराव, मग संघाबरोबर पण अंगाला अंग न लागणारा सराव, मग डॉक्टरांनी हो म्हटल्यावर पूर्ण सराव आणि सर्वांत शेवटी सामना. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस द्यायचा. त्रास पुन्हा जाणवला तर एक पायरी मागे यायचं. अशा दुखापतीची शंका आली तर नेहमीच्या बदल्यांत न धरता जादा बदली खेळाडू उतरवण्याची सोय २०२४ पासून खेळाच्या नियमांतच आहे. म्हणजे डोक्याला लागलं हे सांगणं कमकुवतपणाचं लक्षण आहे असं आता खुद्द खेळही मानत नाही.

तू सेंटर बॅक आहेस म्हणून आणखी थोडं सांगते. ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या साडेसात हजारांहून अधिक माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या नोंदी तपासल्या. २०१९ मध्ये त्यांनी मांडलं की स्मृतिभ्रंशासारख्या मेंदूच्या आजारांनी मृत्यू होण्याचं प्रमाण या खेळाडूंमध्ये सर्वसामान्यांच्या साडेतीन पट होतं. २०२१ मध्ये त्यांनी जागेनुसार आकडे दिले. असे आजार होण्याचा धोका गोलरक्षकांमध्ये इतर लोकांइतकाच दिसला, आणि बचावपटूंमध्ये सर्वाधिक, जवळजवळ पाचपट. हे खेळाडू १९७६ पर्यंत जन्मलेले होते, त्यांचा काळ वेगळा होता, आणि हेडरमुळेच हे झालं असं या आकड्यांवरून ठामपणे म्हणता येत नाही. त्याच खेळाडूंमध्ये हृदयविकाराने जाणारे कमी होते, हेही त्याच अभ्यासात आहे. तरी आजच्या बचावपटूने हे आकडे वाचून खांदे उडवू नयेत असं मला मनापासून वाटतं. इंग्लंडमध्ये २०२१ पासून सरावात जोरकस हेडर आठवड्याला १० पर्यंतच ठेवण्याची सूचना आहे. स्कॉटलंडने पुढच्या वर्षी सामन्याच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी हेडरचा सराव करू नये असं सांगितलं. तुझ्या क्लबमध्ये असं काही पाळलं जातं का, ते विचार. मान आणि खांदे बळकट करण्याचे व्यायाम फिजिओकडून घे. आणि चेंडूवर जाताना ‘माझा!’ असं पोट फोडून ओरडायला शीक. दोघे जण गप्प राहून एकाच चेंडूवर उडी मारतात तेव्हा डोक्याला डोकं लागतं.

आता त्या पासबद्दल.

१९९९ च्या सप्टेंबरमध्ये लिव्हरपूलचा एक २१ वर्षांचा बचावपटू मँचेस्टर युनायटेडविरुद्ध घरच्या मैदानावर खेळत होता. त्याने एकाच सामन्यात दोन स्वयंगोल केले आणि संघ २-३ असा हरला. त्याचं नाव जेमी कॅरॅगर. तोही मधल्या फळीतून मागे आला होता. त्यानंतर कित्येक हंगाम तो कधी उजवीकडे, कधी डावीकडे फुलबॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, म्हणून खेळत राहिला. सेंटर बॅक ही त्याची पक्की जागा झाली २००४ नंतर, आणि २००५ मध्ये इस्तंबूलला चॅम्पियन्स लीग ही युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा जिंकणाऱ्या संघात, जादा वेळेत पायांत गोळे आलेले असताना, तो टॅकलमागून टॅकल करत होता. २०१३ मध्ये निवृत्त झाला तेव्हा एकट्या लिव्हरपूलसाठी त्याचे ७३७ सामने झाले होते. तुझ्या एका आखूड पासपेक्षा त्याचे दोन स्वयंगोल नक्कीच जड होते.

पण मोठ्यांच्या गोष्टी ऐकून मनाला उभारी येते, खेळ सुधारत नाही. खेळ सुधारण्यासाठी त्या गोलची चित्रफीत घे आणि पास दिल्याच्या क्षणापासून बघू नकोस. दहा सेकंद मागे ने. चेंडू तुझ्याकडे यायच्या आधी तू मान वळवून मागे कोण आहे ते पाहिलंस का? चेंडू घेताना तुझं अंग कसं होतं? छाती स्वतःच्याच गोलकडे असेल तर तुझ्यापुढे गोलरक्षकाशिवाय दुसरा रस्ताच उरत नाही, आणि समोरच्या आघाडीपटूला ते तुझ्याआधी कळलेलं असतं. तो पास देण्याआधीच धावायला लागतो. अंग अर्धं वळलेलं असतं तर फुलबॅक दिसला असता, मधल्या फळीतला मोकळा माणूसही दिसला असता. गोलरक्षक त्या वेळी गोलच्या सरळ रेषेत उभा होता की थोडा बाजूला आलेला होता, तेही बघ. माझा अंदाज असा की पाय चुकला त्याच्या दोन-तीन सेकंद आधीच चूक होऊन गेली होती. ती सरावाने घालवता येते. ‘माझी एकाग्रता गेली’ असं म्हणून सोडून दिलंस तर घालवता येणार नाही, कारण त्या वाक्यात करण्यासारखं काहीच नाही.

मग त्याच सामन्याची पुढची वीस मिनिटं बघ. हे बघणं तुला आवडणार नाही, तरी बघ. गोल खाल्ल्यावर तू चेंडू मागत होतास का, की सहकाऱ्याच्या सावलीत जाऊन उभा राहिलास? जो चेंडू आरामात पायात घेता आला असता तो तू लांब भिरकावलास का? चूक कुणाकडून झाली यापेक्षा चुकीनंतर कोण लपलं, याकडे प्रशिक्षकांचं लक्ष जास्त असतं. तुला बाकावर बसवण्याचं कारण गोलपेक्षा ती वीस मिनिटंही असू शकतील. खरं काय ते प्रशिक्षकच सांगतील, पण ‘मला का काढलं?’ असं विचारलंस तर समोरचा माणूस स्वतःचा बचाव करायला लागतो. ‘परत घेण्याआधी तुम्हाला माझ्यात काय दिसायला हवं?’ असं विचार. उत्तर मिळालं की लिहून ठेव आणि दोन आठवड्यांनी त्याच मुद्द्यावर पुन्हा त्यांच्याकडे जा.

तुझा एजंट म्हणतो त्यात थोडं तथ्य आहे. बचावपटूच्या नावाचा गजर कमी होतो. पुरुषांचा बॅलन डी’ऑर हा वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार १९५६ पासून दिला जातो आणि तो बचावपटू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तिघांनाच मिळाला आहे: १९७२ आणि १९७६ मध्ये फ्रान्झ बेकेनबाउअर, १९९६ मध्ये माथियास झामर आणि २००६ मध्ये फाबियो कॅनावारो. गौरवासाठी खेळायचं असेल तर पुढे जाऊन गोल करायला शिकणं बरं. पण तू कारकिर्दीबद्दल विचारतो आहेस, आणि कारकिर्दीचा हिशेब वेगळा असतो.

आघाडीपटू विसाव्या वर्षी डोळ्यांत भरतो, कारण त्याचं काम वेगावर आणि धिटाईवर बरंच निभतं. बचावपटूला परिस्थिती ओळखता यावी लागते, आणि त्यासाठी खूप सामने बघावे, खेळावे लागतात. व्हर्जिल व्हॅन डाइकच घे. नेदरलँड्समधल्या विलेम ट्वेच्या युवा संघात तो बराच काळ बेताच्या उंचीचा उजवा फुलबॅक होता. उंची वाढली ती सोळा-सतराच्या सुमारास. तिथून ग्रोनिंगेन, २०१३ मध्ये सेल्टिक, २०१५ मध्ये साउथहॅम्प्टन, अशा एकेक पायरीने तो वर गेला. लिव्हरपूलने त्याला जानेवारी २०१८ मध्ये साडेसात कोटी पौंडांना घेतलं तेव्हा तो २६ वर्षांचा होता. कॅनावारोची उंची पावणेसहा फुटांच्या आसपास, म्हणजे सेंटर बॅकच्या मानाने कमीच. त्याच्या नेतृत्वाखाली इटलीने २००६ चा विश्वचषक जिंकला आणि सात सामन्यांत फक्त दोन गोल खाल्ले, एक स्वयंगोल आणि एक पेनल्टी. त्या वर्षी तो ३३ चा झाला. पाओलो माल्दिनीने २००७ मध्ये ३८ व्या वर्षी चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना खेळून जिंकला. थियागो सिल्व्हा २०२१ मध्ये जिंकला तेव्हा ३६ चा होता, आणि पेपे तर २०२४ च्या युरो स्पर्धेत ४१ व्या वर्षी खेळला. हे सगळे असामान्य खेळाडू, मान्य. तरी आपल्या बरोबरीचा आघाडीपटू १९ व्या वर्षी पहिल्या संघात गेला म्हणून तू मागे पडलास असं समजू नकोस. तुझं वेळापत्रक त्याच्यासारखं नाही.

राहिली मधली फळी. तिथे शिकलेलं काहीही वाया गेलेलं नाही, उलट त्याचसाठी तुला मागे नेलं असणार. १९९२ मध्ये नियम आला की सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला पास गोलरक्षकाने हाताने धरायचा नाही, आणि पायांत कसब नसलेले बचावपटू एका हंगामात उघडे पडले. २०१९ पासून गोल किकचा, म्हणजे आपल्या गोलजवळून खेळ पुन्हा सुरू करणाऱ्या किकचा, चेंडू पेनल्टी क्षेत्राबाहेर जाण्याची वाट न पाहता तिथेच घेता येतो, त्यामुळे आता चढाईची पहिली हालचाल बऱ्याचदा सेंटर बॅकच्या पायातून सुरू होते, तीही अंगावर आघाडीपटू धावून येत असताना. हाविएर मास्चेरानो अर्जेंटिनासाठी मधल्या फळीत खेळत राहिला, पण बार्सिलोनाने त्याला सेंटर बॅक केलं आणि त्याने तिथे २०११ आणि २०१५ च्या चॅम्पियन्स लीग जिंकल्या. दाबाखाली चेंडू घेऊन पुढचा पास शोधणं ज्याला येतं त्याला मागे बचाव शिकवता येतो. उलट दिशेने शिकवणं फार कठीण जातं.

तुला शिकायचं आहे ते मात्र बारीक आहे आणि ते मधल्या फळीत कुणी शिकवत नाही. एक उदाहरण देते. समोरच्या संघाच्या खेळाडूकडे चेंडू आहे. त्याच्या अंगावर तुमचा माणूस असेल आणि त्याची पाठ तुमच्या गोलकडे असेल, तर तुमची बचावाची फळी पुढे सरकू शकते, तो लांब मारूच शकत नाही. तो वळला, मोकळा झाला, चेंडू पायापासून अर्धा हात पुढे ढकलून त्याने नजर खाली नेली, की लांब पास येणार. त्या क्षणी तुझी दोन-तीन पावलं मागे पडलेली हवीत, अंग तिरकं आणि पाय धावायच्या तयारीत. चेंडू सुटल्यावर वळलास तर कितीही वेगवान असलास तरी उशीर झाला. माल्दिनीसारखे लोक फारसे जमिनीवर घसरत नसत, कारण घसरावं लागेल अशा जागी ते सापडतच नसत. पुढचा सामना बाकावरून बघशील तेव्हा चेंडू सोडून दे. नव्वद मिनिटं फक्त तुमच्या सेंटर बॅकचे पाय बघ, आणि तो कधी मागे सरकतो, कधी थांबतो, याचा अंदाज त्याच्याआधी मनात बांध. बाकावरचा वेळ असा वापरता येतो.

आता करार. माझं मत स्पष्ट आहे: जिथे सामने मिळतील तिथे जा. कुठल्याही तरुण खेळाडूला मी हेच सांगेन, पण बचावपटूच्या बाबतीत त्याला आणखी एक कारण आहे. राखीव आघाडीपटूला शेवटची वीस मिनिटं मिळतात, संघ मागे पडला की प्रशिक्षक त्याच्याकडेच बघतात. जुळलेली सेंटर बॅकची जोडी मात्र कुणी सहसा मोडत नाही. दुखापत किंवा लाल कार्ड झालं तरच दार उघडतं. त्यामुळे मोठ्या क्लबच्या राखीव संघातली ३ वर्षं दिसायला भक्कम असली तरी त्यात मोठ्यांविरुद्धचे खरे सामने किती, हे विचारल्याशिवाय सही करू नकोस. तुझ्यापुढे पहिल्या संघात किती सेंटर बॅक आहेत, त्यांची वयं काय, करार कधी संपतात? दुसऱ्या क्लबला उसने देण्याचा विचार आहे का, आणि तो लेखी आहे की तोंडी? याची उत्तरं गुळमुळीत आली तर निर्णय सोपा झाला.

लहान क्लबकडे जायचं म्हणजे पहिला कागद जसाच्या तसा स्वीकारायचा असं नाही. पुढे वाढवायचं की नाही हे फक्त क्लबने ठरवायचं, ही अट तुझ्यासाठी वाईट आहे. चांगला खेळलास तर ते तुला त्याच पगारात ठेवतील, आणि दुखापत झाली तर सोडून देतील. सरळ २ वर्षं माग. ती मिळत नसतील तर ठरावीक सामने खेळल्यावर करार आपोआप वाढेल आणि पगारही वाढेल असं लिहून घे. दुखापतीच्या काळात पगार, शस्त्रक्रियेचा आणि नंतरच्या उपचारांचा खर्च, विमा, हे शब्दाशब्दाने वाच. लहान क्लबमध्ये पैसे थकण्याची भीती असते, म्हणून हेही माहीत असू दे: फिफाच्या नियमांप्रमाणे दोन महिन्यांचे पगार थकले, तू लेखी नोटीस देऊन किमान १५ दिवसांची मुदत दिलीस आणि तरीही ते मिळाले नाहीत, तर करार सोडायला तुझ्याकडे न्याय्य कारण असतं. देशोदेशी यात थोडे फरक असतात, म्हणून सही करण्याआधी तो कागद खेळाडूंच्या संघटनेच्या वकिलाला दाखव.

एजंटच्या वकिलाला नव्हे. एजंटचा परवाना आहे का तेही बघ, कारण २०२३ पासून फिफाने परीक्षा आणि परवाना बंधनकारक केला आहे. त्याच्याशी झालेला तुझा करार फिफाच्या नियमांनुसार २ वर्षांहून जास्त असू शकत नाही. मधल्या फळीत परत जा, असं तो म्हणतो, तर कोणत्या क्लबने तुला त्या जागेसाठी विचारलं आहे ते त्याला नावानिशी विचार. एकही नाव निघालं नाही, तर तो तुझ्या खेळाबद्दल बोलत नव्हता हे तुला कळेल, आणि प्रस्तावांबद्दलचा त्याचा सल्लाही त्याच मापाने मोजता येईल.